एंडोमेट्रिओसिसचं दुखणं आणि पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी: आधी सैल सोडायला शिका

"मॅडम, रोज शंभर केगल करतेय, तरी संडासला बसलं की कळ येतेच." एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं) निदान झालेली बाई हे वाक्य बोलली की निम्मी गोष्ट मला तिथेच कळते. कुणीतरी तिला 'खालचे स्नायू बळकट कर' म्हणून केगल, म्हणजे ते स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम, सांगितलेला असतो. तिने मोबाइलवर व्हिडिओ शोधला आणि आधीच आवळून बसलेले स्नायू दिवसातून शंभर वेळा आणखी आवळले.

भाजीची जड पिशवी घेऊन चार जिने चढलात की पिशवी खाली ठेवल्यावरही बोटं लगेच उघडत नाहीत. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे त्या खालच्या स्नायूंचं, असंच होतं. हे स्नायू पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून आधार देतात. दर महिन्याला वर्षानुवर्षं आत दुखत राहिलं की ते अंग चोरून घट्ट राहायला शिकतात. मग पाळी नसतानाही बसताना, शी-लघवीच्या वेळी, संबंधांच्या वेळी दुखतं. हे दुसरं दुखणं स्नायूंचं असतं आणि फिजिओथेरपीचा उपयोग मुख्यतः तिथे होतो. आतल्या गाठी, चॉकलेट सिस्ट (अंडाशयातल्या जुन्या रक्ताच्या गाठी) किंवा चिकटलेले अवयव व्यायामाने जात नाहीत. युरोपियन सोसायटी ऑफ ह्यूमन रिप्रॉडक्शन अँड एम्ब्रिऑलॉजीने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत औषधांशिवायच्या उपायांची रुग्णाशी चर्चा करा असं म्हटलं, पण पुरावा अपुरा असल्याने त्यातल्या कुठल्याही एकाची ठाम शिफारस केलेली नाही. म्हणून गोळ्या किंवा शस्त्रक्रिया सोडून ही थेरपी करू नका, त्यांच्या जोडीने करा.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करायचे आहेत. बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

## टप्पा १: आधी डॉक्टर

स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि सोनोग्राफी झालेली हवी, गरज असेल तर एमआरआयही. आतड्याजवळ किंवा मूत्रनलिकेजवळ आजार आहे का, अंडाशयात मोठी सिस्ट आहे का, हे थेरपिस्टला माहीत असायला हवं. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया) झाली असेल तर शस्त्रक्रियेची नोटही जोडा. डिस्चार्ज कार्डवर दोन ओळी असतात, खरी माहिती त्या नोटमध्ये असते.

थांबा, डॉक्टरांना गाठा: अचानक असह्य दुखून उलट्या होत असतील, ताप असेल, दुर्गंधीयुक्त स्राव असेल, संबंधांनंतर रक्त जात असेल, लघवीतून किंवा शौचातून रक्त येत असेल, लघवी अडली असेल, दोन मांड्यांमधला भाग बधिर वाटत असेल, किंवा पाळी चुकली असेल तर व्यायाम सुरू करू नका. पाळीच्या दिवसांत शौचातून रक्त येत असेल तर 'मूळव्याध असेल' म्हणून सोडून देऊ नका. आतड्यावरच्या एंडोमेट्रिओसिसमध्येही असं होऊ शकतं.

शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर सर्जनने परवानगी दिल्याशिवाय आतून, म्हणजे योनीमार्गे, काहीही करायचं नाही. साधारण सहा आठवडे तरी थांबायला सांगतात. श्वासाचं काम मात्र त्याआधीही चालतं.

## टप्पा २: दोन पाळ्यांची वही

हा टप्पा सगळ्या जणी टाळतात. "दुखतं हो, सारखंच दुखतं" एवढ्यावर थेरपिस्टला काही ठरवता येत नाही. साधी वही घ्या आणि रोज दोन ओळी लिहा: पाळीचा कितवा दिवस (रक्तस्राव सुरू झाला तो पहिला), कुठे दुखलं, ० ते १० मध्ये किती, त्या वेळी काय करत होतात, गोळी घेतली का आणि शी-लघवी कशी झाली.

चांगली नोंद अशी दिसते: "दिवस २३. सकाळी संडासला बसताना मागे कळ, ७. अर्ध्या तासाने ३. काल ऑफिसात सात तास लघवीला गेले नाही. उलटं वळून झोपले तेव्हा बरं." यात पाळीचा संबंध नाही, शौचाचा आहे आणि आदल्या दिवशी लघवी दाबून ठेवलेली आहे. स्नायूंकडे बोट दाखवणारी नोंद ती हीच.

तपासून पाहा: दोन महिन्यांची पानं शेजारी ठेवा. दुखणं फक्त पाळीच्या आसपास असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. मधल्या दिवसांत बसणं, शौच, लघवी, संबंध यांच्याशी जोडलेलं असेल तर पुढच्या टप्प्यांचा फायदा होण्याची शक्यता जास्त. पण दुखणं जास्त असेल तर दोन महिने थांबू नका, वही आणि थेरपी एकदमच सुरू करा.

## टप्पा ३: थेरपिस्ट आणि पहिली भेट

गुडघेदुखीचे मशीन लावणारं प्रत्येक क्लिनिक हे काम करत नाही. बीपीटीनंतर (फिजिओथेरपीची पदवी) स्त्री-आरोग्य विषयात एमपीटी (पदव्युत्तर पदवी) किंवा पेल्विक फ्लोअरचं वेगळं प्रशिक्षण झालंय का, ते विचारा. महाराष्ट्रात असाल तर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, तेही पाहा. फोनवर एकच प्रश्न विचारा: "घट्ट झालेल्या पेल्विक फ्लोअरवर तुम्ही काम करता का, की केगलच शिकवता?" उत्तरावरून समजतं.

पहिल्या भेटीत बोलणंच जास्त असतं. मग पाठ, नितंब, पोट आणि व्रण बाहेरून तपासतात. आतली तपासणी करायची असेल तर हातमोजा आणि जेल लावून एकाच बोटाने, हळू. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे कुठे दाबल्यावर दुखतं ते बघतात: "पाचवर किती? सातवर?" तुम्ही ० ते १० मध्ये सांगायचं.

आतली तपासणी सक्तीची नाही. लग्न झालेलं नसेल, संबंध आलेले नसतील, भीती वाटत असेल किंवा नुसतं नको असेल, तरी थेरपी होते. पोट, मांड्या, नितंब, श्वास आणि आसनं यांवर बाहेरूनच बरंच काम करता येतं. तपासणी मध्येच थांबवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे, उद्धटपणा नाही. सोबत बाई हवी असेल तर आधी सांगा. आणि आई सोबत आली असेल तर निदान काही मिनिटं एकटीने बोलण्याची वेळ मागून घ्या. आईसमोर संबंधांबद्दल कुणी खरं सांगत नाही.

सावध: पहिल्याच भेटीत न विचारता आत तपासलं, किंवा "सहन करा, दुखणारच" असं म्हटलं तर दुसरा थेरपिस्ट शोधा.

## टप्पा ४: श्वास

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा, आणि "एवढंच?" म्हणून उडवला जाणाराही हाच. तो नीट जमला तर पुढचं निम्मं काम झालं.

श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो, त्याबरोबर पेल्विक फ्लोअरही किंचित खाली उतरतो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. पोट कायम आत ओढून ठेवायची सवय असेल तर ही हालचाल अडते. साडी, जीन्स, ऑफिसची खुर्ची, 'पोट आत घे' म्हणणारी मावशी, सगळ्यांनी मिळून ही सवय लावलेली असते.

१. पाठीवर झोपा. पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे गुडघे आणि कंबर दोन्ही काटकोनात येतात. डोक्याखाली पातळ उशी.

२. एक हात छातीवर, दुसरा बेंबीखाली. नाकाने श्वास घ्या. खालचा हात आधी उचलला गेला पाहिजे, बरगड्या दोन्ही बाजूंना उघडल्या पाहिजेत. खांदे कानांकडे जात असतील तर श्वास फार मोठा घेताय.

३. तोंडाने हळू सोडा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. घेण्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ द्या. शेवटी पोट आवळून हवा पिळून काढायची नाही.

४. सकाळी पाच मिनिटं, रात्री पाच मिनिटं. पहिला आठवडा एवढंच.

चक्कर आल्यासारखं वाटलं तर घाई होतेय. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या, मग पुन्हा लहान श्वासाने सुरू करा. जबडा सैल ठेवा. दात घट्ट असतील तर खालचेही स्नायू घट्ट असू शकतात.

सावध: कपालभाती, मूलबंध आणि अश्विनी मुद्रा सध्या बंद. कपालभातीत पोटाला झटके बसतात, उरलेल्या दोन्हींत खालचे स्नायू आवळलेच जातात. योगवर्ग सुटू नये असं वाटत असेल तर शिक्षिकेला सांगून तेवढी दहा मिनिटं शवासनात काढा.

## टप्पा ५: खाली सोडणं

आता हीच हालचाल जाणवून घ्यायची. छोट्या नॅपकिनची घट्ट सुरळी करा. कडक बैठकीच्या खुर्चीवर ती लांबीत, पुढून मागे अशी ठेवून तिच्यावर बसा. ती बसण्याच्या दोन हाडांमध्ये यायला हवी. श्वास घेताना सुरळीवर हलकासा भार वाढतो, सोडताना कमी होतो. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही तर काळजी नको, बहुतेकींना चार-पाच दिवस लागतात.

भार कळायला लागला की श्वास घेताना मनात म्हणा, 'लघवी सुरू व्हायच्या आधीचा क्षण'. त्या क्षणाला जे सैल होतं, तेच सैल करायचंय. कुथायचं नाही. कुथताना श्वास अडतो, पोट कडक होतं आणि गुदद्वारावर जोर येतो. सोडताना यातलं काहीच होत नाही.

तपासून पाहा: हातात आरसा धरून, पाय दुमडून, आडवं पडून पाहा. श्वास घेताना योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग थोडा खाली, बाहेरच्या बाजूला येतो का? तो आत खेचला जात असेल तर उलटं चाललंय. टप्पा ४ वर परत जा. आरसा नको वाटत असेल तर कपड्यावरून बोट ठेवूनही समजतं.

ही हालचाल जमायला दोन ते तीन आठवडे द्या. दिवसातून सहा-सात वेळा, एकेका मिनिटासाठी पुरते: बसथांब्यावर, गॅसपाशी, संगणकासमोर. बायका आपलं पोट आणि खालचा भाग नकळत कितीदा आवळून धरतात, हे या टप्प्यात पहिल्यांदा लक्षात येतं.

## टप्पा ६: संडास आणि लघवी

व्यायामाची दहा मिनिटं चांगली आणि दिवसभर कुथणं, अशाने काही हाती लागत नाही.

कमोडवर बसताना पायांखाली पाट ठेवा. गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. पुढे वाका, कोपरं गुडघ्यांवर, पोट सैल. श्वास घेऊन सोडा आणि सोडताना 'हूंऽऽ' असा खालच्या पट्टीतला आवाज काढा. या आवाजाने श्वास अडत नाही, म्हणून कुथलं जात नाही. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल बाहेर. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं चांगलंच, फक्त गुडघे किंवा कंबर दुखत असतील तर हट्ट नको. बद्धकोष्ठ जुना असेल तर तो आधी डॉक्टरांकडून सोडवून घ्या, नाहीतर थेरपी पुढे सरकत नाही.

लघवी दर तीन-चार तासांनी. 'निघतेच आहे तर जाऊन येते' म्हणून दर तासाला जाऊ नका आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून दाबूनही धरू नका. सार्वजनिक कमोडवर अर्धवट उभं राहून केली की मांड्या आणि खालचे स्नायू ताठच राहतात आणि लघवी पूर्ण होत नाही. सीट पुसा, कागद घाला, पण बसा.

सावध: लघवीची धार मध्येच थांबवून 'स्नायू कळतात का' हे तपासू नका. अजूनही काही व्हिडिओंत ते सांगतात.

## टप्पा ७: ताण देणं

नियम एकच: ओढ चालेल, कळ नको. ३ च्या वर दुखलं तर कमी करा. प्रत्येक आसनात टप्पा ४ चे सहा-सात श्वास.

पहिलं: पाठीवर झोपून गुडघे छातीकडे घ्या आणि पावलं किंवा मांड्यांची मागची बाजू धरून गुडघे रुंद करा, बाळ पाय धरून खेळतं तसे. दुसरं: गुडघे रुंद ठेवून टाचांवर बसा, पुढे वाका, छाती आणि पोटाखाली जाड उशी घ्या. तिसरं: पाठीवर झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि खालची मांडी छातीकडे ओढा. हे नितंबाच्या आतल्या स्नायूंसाठी आहे. ते पेल्विक फ्लोअरला चिकटूनच असतात आणि त्यांचं दुखणं कधी मांडीत, कधी कमरेत जाणवतं. चौथं: पाठीवर पडून तळपाय एकमेकांना जोडा, गुडघ्यांखाली दोन्ही बाजूंना उश्या ठेवा. उश्या नसतील तर मांडीचे स्नायू गुडघे धरून ठेवत राहतात आणि सैल काहीच होत नाही.

आठवड्यातून पाच दिवस, पंधरा मिनिटं. दुखणं भडकलं असेल त्या दिवशी फक्त चौथं.

## टप्पा ८: आतून मोकळं करणं आणि डायलेटर

हा टप्पा थेरपिस्टने शिकवल्यावरच. थेरपिस्ट बोटाने आतल्या दुखऱ्या बिंदूवर स्थिर, हलका दाब ठेवतात. ३० ते ९० सेकंदांत दुखणं ६ वरून २-३ वर यायला हवं. घासणं, रगडणं नाही. दुसऱ्या दिवशी थोडा ठणका राहिला तर चालतं, दोन दिवसांहून जास्त राहिला तर दाब जास्त झाला.

घरी डायलेटर (योनीत सरावासाठी घालायची, वाढत्या आकारांत मिळणारी गुळगुळीत कांडी) वापरायला सांगितला तर जो न दुखता आत जातो त्या आकारापासून सुरुवात. भरपूर वॉटर-बेस्ड जेल लावा. आधी पाच श्वास, मग एका श्वासाबरोबर थोडा आत, मग थांबा. पाच ते दहा मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. सलग तीन वेळा अजिबात न दुखता जमल्याशिवाय पुढचा आकार घेऊ नका. सिलिकॉनच्या डायलेटरला सिलिकॉनचं जेल लावलं तर त्याचा पृष्ठभाग खराब होतो. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, लॅटेक्स फाटतं. हार्मोनच्या इंजेक्शनांमुळे योनी कोरडी पडली असेल तर डॉक्टरांना सांगा. कोरडेपणामुळे आग होते आणि ती 'स्नायूंमुळे' समजली जाते.

संबंधांबद्दल: सुरुवातीलाच, आत जाताना दुखत असेल तर या टप्प्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. खोलवर दुखत असेल तर गर्भाशयामागे आजार असू शकतो. तिथे खोली कमी ठेवणं आणि आपल्या हातात वेग राहील अशी स्थिती निवडणं जास्त कामाचं. नवऱ्याला सांगा की काही आठवडे फक्त योनीप्रवेश बंद आहे, जवळीक बंद नाही. दात-ओठ खाऊन 'उरकणं' म्हणजे स्नायूंना पुन्हा तोच धडा.

सावध: संसर्ग, गर्भधारणा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असताना आतून काहीही नाही. कॉपर-टी असेल तर थेरपिस्टला आधी सांगा.

## टप्पा ९: पाळीचे दिवस

पाळी यायच्या आदल्या दिवशीच तयारी ठेवा: गोळी, शेकाची पिशवी, सैल कपडे. डॉक्टरांनी वेदनाशामक दिली असेल तर ती दुखणं सुरू होताच, काही खाऊन घ्यायची. ८ वर पोचेपर्यंत वाट पाहिली की गोळी कमी पडते. किडनीचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

शेक एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, पिशवीला कापड गुंडाळून. पोटावर तपकिरी जाळीसारखे डाग दिसायला लागले तर उष्णता फार होतेय. टेन्स मशीन (त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य विद्युतप्रवाह देणारं छोटं यंत्र) ओटीपोटावर किंवा कमरेवर लावता येतं, पण पेसमेकर असेल किंवा गरोदरपणाची शंका असेल तर नाही. ताण देणं बंद, श्वास चालू, जमेल तसं घरातल्या घरात चालणं.

## टप्पा १०: ताकद, सगळ्यात शेवटी

केगल कधी करायचे, हा प्रश्न आता. तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: सुरळीवर खाली सोडणं स्पष्ट कळतं, शौचाला कुथावं लागत नाही, आणि थेरपिस्टने तपासून 'स्नायू पूर्ण सैल होतो' असं सांगितलंय. शिवाय गरजही हवी, म्हणजे खोकताना लघवी सुटणं किंवा खरोखरचा अशक्तपणा. गरज नसेल तर केगल करायलाच हवेत असं नाही.

करायचेच तर तीन सेकंद आवळणं, सहा सेकंद सोडणं, पाच वेळा. सोडण्याचा वेळ दुप्पट. दुसऱ्या दिवशी वहीतले आकडे वाढले तर दोन आठवडे मागे, टप्पा ५ वर.

## किती दिवसांनी काय दिसतं

थेरपिस्टकडे पहिले सहा-आठ आठवडे आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, असं बहुधा ठरतं. माझ्या अनुभवात शौच आणि बसणं आधी सुधारतं, संबंधांतलं दुखणं सगळ्यात उशिरा. दोन चांगल्या महिन्यांनंतर तिसरा वाईट गेला म्हणून घाबरू नका. वही उघडा आणि आधीच्या वाईट महिन्याशी तुलना करा, कालच्या दिवसाशी नको. सहा-आठ आठवडे नेमाने करूनही एकही आकडा हलला नसेल तर थेरपिस्ट बदलण्याआधी तीच वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे परत जा. औषध, नवीन सोनोग्राफी किंवा शस्त्रक्रियेचा विचार त्या वेळी करावा लागतो.